गर्भींचें दुःख आणि कर्माचा जाब



तीन वर्षांपूर्वीं एका गांवच्या अखंड हरिनाम सप्ताहांत आमची सहाव्या दिवसाची कीर्तनसेवा होती. अभंग संसारदुःखाचा निवडला होता. निरूपण रंगांत आलें होतें, टाळकरी डुलत होते, आणि चाळीस वर्षें जीभ ज्या वाटेनें गेली त्याच वाटेनें ती त्या रात्रींही गेली. आम्ही बोलून गेलों, "कुणाचं लेकरू आंधळं, कुणाचं पांगळं, कुणाचं जन्मतःच बुद्धीनं अधू. हे कशानं? आईबापांनी मागल्या जन्मी जे पेरलं ते ह्या जन्मी मांडीवर उगवलं!" लोकांनीं माना डोलावल्या. मृदंगावर थाप पडली. बायकांच्या बाजूला पुढच्याच रांगेंत बसलेली एक तरुण बाई मांडीवरचें मूल पदराखालीं घेऊन उठली आणि मांडवाच्या कडेकडेनें निघून गेली. आम्हांला तें दिसलें. मूल किरकिरत असेल असें वाटलें, आणि आम्ही पुढच्या चरणाकडे वळलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, आम्ही उतरलों होतों त्या घराच्या ओसरीवर ती आली. बरोबर सासू होती. मुलगा तीन वर्षांचा, पण अंगानें वर्षाच्या मुलाएवढा. कपाळ भिवयांपासून एकदम मागें गेलेलें, डोकें वर निमुळतें, त्यामुळें चेहरा आणि कान मोठे वाटत. मान अजून सांवरत नव्हती. सासूनें पाया पडून विचारलें, "ग्रहणात हिनं काही चिरलं असंल का, महाराज?" सून गप्प होती. शेजारीं बसलेल्या एका माळकऱ्यानें समजुतीच्या सुरांत म्हटलें, "अहो, माउलींनी रेड्यामुखी वेद बोलविले. हा तर माणसाचा जीव. बोलेल." तेव्हां ती प्रथम बोलली. म्हणाली, "माझं लेकरू रेडा नाही."

मग आमच्याकडे वळून, आवाज न चढवतां तिनें विचारलें, "महाराज, काल तुम्ही म्हणालात ते पाप माझं का त्याचं? माझं असंल तर शिक्षा त्याला का? आन् त्याचं असंल, तर त्यानं ते केलं कधी? त्यानं तर अजून मान वर करून जग बी बघितलं नाही."

आम्हीं "पांडुरंगाची इच्छा" असें कांहींतरी म्हटलें आणि मुलाच्या कपाळाला बुक्का लावला. तें उत्तर नव्हतें, ती पळवाट होती, हें तिलाही कळलें आणि आम्हांलाही. हा लेख म्हणजे त्या बाईला उशिरां दिलेलें उत्तर आहे. पाठशाळेंत न्याय आणि वेदान्त शिकून ज्याला ओसरीवरच्या एका प्रश्नाला तोंड देतां आलें नाहीं, त्यानें निदान नंतर तरी बसून विचार करावा.

प्रथम त्या बाळाला काय झालें तें समजून घेणें प्राप्त होतें. आमच्या कीर्तनाला येणारे एक वृद्ध बालरोगतज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे आम्ही तीन संध्याकाळीं जाऊन बसलों. ते म्हणाले, ह्याला मायक्रोसेफली म्हणतात. शब्द ग्रीक, अर्थ लहान डोकें इतकाच. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः साधारण ३४-३५ सेंटिमीटर भरतो. भिवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवून तो मोजतात. तो ३२ च्या खालीं गेला कीं डॉक्टर सावध होतात, आणि पुढें महिन्या-महिन्याला पुन्हा मोजतात. लोकांची समजूत अशी कीं कवटी लहान म्हणून मेंदू कोंडला. बहुतेक वेळां प्रकार उलटा असतो. मेंदू वाढतो म्हणून कवटी वाढते. तान्ह्या बाळाच्या कवटीचीं हाडें सुटीं असतात तीं त्यासाठींच. जन्मतः मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पावपट असतो आणि दोन वर्षांत पाऊणपट होतो. तो आंतूनच वाढला नाहीं तर बाहेरचें घरही लहान राहतें. म्हणून टाळू चोळून, डोक्याला तेलाचे हात देऊन किंवा ताईत बांधून डोकें मोठें होत नाहीं. कांहीं मुलांचें डोकें थोडेंच लहान असतें आणि तीं इतरांसारखीं शिकतात, संसार करतात. कांहींना चालणें, बोलणें, गिळणें, सारेंच अवघड; फेफऱ्याचे झटके, नजर कमी, कान कमी. एका शब्दाखालीं इतक्या परींचीं लेकरें येतात.

आणि कारणें? डॉक्टरांनीं बोटांवर मोजलीं. गर्भारपणीं आईला रुबेला किंवा तसा दुसरा संसर्ग होणें, आईचें फार कुपोषण, गर्भारपणीं दारू, बाळाला प्राणवायु न मिळणें, आणि बीजांतला आनुवंशिक दोष. कधीं कधीं सारे तपास करूनही कारण सांपडत नाहीं. ग्रहण ह्या यादींत नव्हतें.

आमच्या न्यायशास्त्रांत ह्यासाठीं एक चांगला शब्द आहे. घडा घडतांना माती लागते, चाक लागतें, दांडा लागतो, कुंभार लागतो. माती वाहून आणणारें गाढवही तेथें उभें असतें. पण गाढव घड्याचें कारण नव्हे, कारण त्याच्यावांचून घडा होऊं शकतो. अशाला शास्त्रकार अन्यथासिद्ध म्हणतात. विद्यार्थिदशेंत ह्या गाढवावर आम्ही पुष्कळ हंसलों. पण घरोघर पाहावें तर गर्भवतीच्या भोंवतीं हींच गाढवें बांधलेलीं! ग्रहणांत विळी धरली, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसली, कोणाची नजर लागली, डोहाळा राहिला. त्याच गांवांत त्याच ग्रहणांत विळी धरलेल्या दुसरीचें बाळ धडधाकट निघतें, तेव्हां हिशेब कोणी मागत नाहीं. बिघडलें कीं मात्र गाढवाला पुढें ओढतात, आणि गाढवाचा कासरा दर वेळीं आईच्याच हातांत देतात.

खरें कारण किती लहान आणि किती निर्दोष दिसणारें असूं शकतें, ह्याचें एक उदाहरण दूरदेशचें आहे. ब्राझील देशाच्या ईशान्य भागांत २०१५ सालच्या शेवटच्या महिन्यांत रेसीफे शहराच्या इस्पितळांत लहान डोक्याचीं बाळें एकामागून एक जन्मूं लागलीं. वर्षांत एखाददुसरें दिसावें तेथें आठवड्याला कित्येक. नोव्हेंबरांत त्या सरकारनें आणीबाणी पुकारली, आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें साऱ्या जगाला इशारा दिला. शोध लागला तो एका विषाणूचा. त्याचें नांव झिका. युगांडांतल्या त्याच नांवाच्या रानांत १९४७ सालीं तो प्रथम एका माकडांत सांपडला होता. नेणारा डास डेंग्यूचाच, दिवसां चावणारा, स्वच्छ सांठलेल्या पाण्यावर वाढणारा. मोठ्या माणसाला थोडा ताप, थोडें पुरळ. पांचांतल्या चौघांना तर कांहींच कळत नाहीं. पण गर्भवतीच्या रक्तांतून तो गर्भापर्यंत पोंचला तर वाढत्या मेंदूच्या पेशी मारतो. लागण झालेल्या प्रत्येक आईचें बाळ बाधित होतें असें नाहीं, बहुतेक बाळें नीट जन्मतात. तरी त्या एका देशांत दोन हजारांवर बाळें बाधित असल्याचें ठरलें. त्यांच्या आया बहुतेक गरीब वस्त्यांतल्या. नळाला पाणी रोज येत नाहीं म्हणून हंडे-पिंपें भरून ठेवणाऱ्या. पिंप भरून ठेवणें हें जर पाप असेल तर आपल्या निम्म्या महाराष्ट्राचें काय होणार?

हें लांबचें म्हणून सोडूंही नये. महाराष्ट्रांत झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्यें निघाला तो पुणें जिल्ह्यांत पुरंदर तालुक्यांतल्या बेलसर गांवीं. सासवडचा मुक्काम हलवून माउलींची पालखी जेजुरीला निघते, त्याच टापूंतलें हें गांव. पुढें २०२४ सालीं जूनमध्यें पुणें शहरांत रुग्ण निघूं लागले, त्यांत गर्भवतीही होत्या, आणि दिवस पालख्या पुण्यांत येण्याचेच होते. आम्ही घाबरवीत नाहीं. वारी थांबवावी असेंही म्हणत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं दिंड्या यायच्या म्हणून मुक्कामाच्या गांवीं आठ-आठ दिवस आधीं पिंपें भरून उघडीं ठेवतात, त्यांना फडकें बांधा. आणि पोटुशी बाई दिंडींत चालत असेल तर तिचे हातपाय झांकलेले असूं द्या, दिवसां झोंपेल तेथें मच्छरदाणी द्या. लग्नाआधीं मुलींना रुबेलाची लस मिळाली आहे ना हेंही पाहा. महाराष्ट्रांत २०१८ च्या नोव्हेंबरांत गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, तेव्हां पुष्कळांनीं अफवा ऐकून पोरें शाळेंतून घरीं नेलीं. हें कीर्तनांत सांगायचें का, असें आम्हांला एका सहकाऱ्यानें विचारलें. आमच्या मतें सांगायचें.

आतां मूळ प्रश्नाकडे. डास झाला, विषाणु झाला, पण ह्याच बाळाला कां? येथें आमचा कीर्तनकार म्हणतो, कर्म! तो म्हणतो तें शास्त्राच्या आधारें म्हणतो असा सर्वांचा समज, आणि आमचाही होता. म्हणून आम्हीं पोथ्या पुन्हा उघडल्या.

चरकसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भाच्या विकृतीचीं कारणें दिलीं आहेत. बीजाचा दोष, आत्म्याचें कर्म, गर्भाशयाचा दोष, काळ, आणि मातेचा आहारविहार. पांचांत कर्म एक. बाकीचीं चार वैद्यानें पाहायचीं. चरक तर असेंही सांगतो कीं बीजाच्या ज्या भागांत बिघाड त्या भागापासून होणाऱ्या अवयवांत विकृति येते, आणि तो भाग शाबूत असेल तर व्यंग असलेल्या आईबापांचेंही मूल निर्व्यंग होतें. आजचे आनुवंशिकतेचे डॉक्टर हें ऐकून हंसणार नाहींत. म्हणजे प्राचीनांनीं कर्म मानलें, पण कर्म म्हणून हात झटकून ते उठले नाहींत. तें काम आम्हीं केलें.

दुसरी पोथी ब्रह्मसूत्रांची. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत वैषम्य-नैर्घृण्याचें अधिकरण आहे. पाठशाळेंत आम्ही तें पंक्ति लावून शिकलों, परीक्षेंत लिहिलें, आणि त्यांत काय आहे तें साठी उलटल्यावर कळलें. पूर्वपक्ष म्हणतो : देव सुखी, पशु दुःखी, माणूस मधला, अशी विषम सृष्टि करणारा ईश्वर पक्षपाती आहे, निर्दय आहे. सिद्धान्ती उत्तर देतो : नाहीं, तो जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टि करतो, पाऊस सर्वांवर सारखा पडतो, भात कां आणि जव कां हें ज्याच्या त्याच्या बीजावर. आतां पाहा, ह्या वादांत आरोपी कोण? ईश्वर. कर्माचा सिद्धान्त कशासाठीं पुढें केला? देवावरचा आळ काढण्यासाठीं. त्या साऱ्या अधिकरणांत तान्ह्या मुलाची आई कोठें आहे? तिच्यावर फिर्यादच नाहीं. देवाच्या बचावासाठीं लिहिलेला कागद आम्हीं उचलला आणि एका बाईवर आरोपपत्र म्हणून वाचून दाखविला.

तेंही चुकीचें वाचलें. केलेलें कर्म फळ न देतां नष्ट होणें हा कृतनाश, आणि न केलेल्याचें फळ भोगावें लागणें हा अकृताभ्यागम. हे दोन दोष येऊं नयेत म्हणूनच तर कर्मसिद्धान्त. मग आईबापांनीं पेरलें आणि लेकराच्या डोक्यांत उगवलें, हें आमचें वाक्य म्हणजे शुद्ध अकृताभ्यागम झाला! ज्या रोगावर औषध, तोच रोग आम्हीं औषधाच्या बाटलींत घालून मांडवांत वाटला. ती बाई शाळा सातवीपर्यंत शिकलेली. तिनें ओसरीवर उभें राहून हाच दोष दाखविला. माझं असेल तर शिक्षा त्याला का? पंडिताला ह्याहून नेमकें विचारतां येणार नाहीं.

मग तें त्या बाळाचें स्वतःचें पूर्वजन्मींचें कर्म म्हणावें कीं काय? संप्रदाय पुनर्जन्म मानतो, आम्हीही मानतों, आणि म्हातारपणीं तें सोडायला निघालों नाहीं. पण शास्त्रानें त्याला अदृष्ट असें नांव दिलें आहे. जें दिसत नाहीं तें अदृष्ट. जें आम्हांला दिसत नाहीं त्याचा निवाडा आम्हीं जाहीर कीर्तनांत कोणत्या अधिकारानें द्यावा? कर्माची गति गहन आहे असें गीतेंत भगवंतच सांगतात, आणि आम्ही मात्र तलाठ्यानें सातबारा वाचावा तशी ती वाचतों.

एक उदाहरण ह्याहून कठीण आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं हिरोशिमावर आणि तीन दिवसांनीं नागासाकीवर अणुबाँब पडला. त्या वेळीं ज्या बाया गरोदर होत्या आणि वांचल्या, त्यांतल्या कांहींचीं बाळें लहान डोक्याचीं आणि अधू बुद्धीचीं जन्मलीं. ज्यांचे गर्भ त्या दिवशीं आठ ते पंधरा आठवड्यांचे होते, त्यांना धोका सर्वांत अधिक होता असें पुढच्या तपासांत ठरलें. मेंदूच्या पेशी त्याच काळांत भराभर तयार होत असतात. वीस वर्षें त्या आया एकएकट्या तोंड लपवून राहिल्या. १९६५ सालीं अशा कुटुंबांनीं हिरोशिमांत एक मंडळ काढलें, किनोको-काई. किनोको म्हणजे अळंबी. बाँबच्या ढगाचा आकार तो, आणि वाळल्या पाल्याखालून डोकें वर काढणारी रानांतली अळंबीही तीच. आपल्या लेकरांना त्यांनीं हें दुसरें रूप दिलें.

ह्यावर एका विद्वान् गृहस्थांनीं आम्हांला समष्टिकर्म समजावून सांगितलें. ते म्हणाले, तेवढ्या जीवांचा हिशेब त्या एका सकाळीं चुकता व्हायचा होता. आम्हीं विचारलें, मग विमानांतून बाँब टाकणारा काय देवाचा हुकूम बजावणारा शिपाई होता? त्याच्याकडे कांहीं दोष नाहीं? ते थांबले. गर्भाच्या माथीं सारा भार ठेवला कीं बाँब टाकणारा सुटतो, पिंप उघडें ठेवणारी नगरपालिका सुटते, गर्भवतीला पोटभर न घालणारें सासर सुटतें, आणि कीर्तनकार तर केव्हांच सुटलेला असतो. सगळ्यांच्या सुटकेसाठीं ज्याला बोलतां येत नाहीं त्याला अडकवायचें, हा सौदा फार सोयीचा आहे.

आमच्या मतें कर्माचा विचार ज्यानें त्यानें आपल्यापुरता करावा. आपल्यावर दुःख आलें असतां, हें माझें असेल, सोसूं या, असें म्हणणारा धीराचा होतो. तेंच वाक्य दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट करून म्हटलें कीं क्रूरपणा होतो. शब्द तेच, फक्त बोटाची दिशा फिरली. आणि त्या बाळाचें प्रारब्ध असेल तें असो, तें घडून गेलेलें आहे. त्याच्याकडे पाहून आम्ही जें करतों तें आमचें क्रियमाण, तें आत्तां घडतें आहे, आणि त्याचा हिशेब आमच्या नांवावर लिहिला जातो आहे.

आणि माळकऱ्यांनीं तरी हा जाब विचारूं नये, कारण तो एकदां आमच्याच घरांत विचारला गेला आहे. विठ्ठलपंतांनीं संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेनें पुन्हा संसार केला. दोष ठरला तो त्यांचा. पण संन्याशाचीं पोरें म्हणून वाळीत पडलीं तीं चार लेकरें. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलें गेलें, त्यांनीं तें घेतलें, तरी लेकरांचा कलंक फिटला नाहीं आणि त्यांना शुद्धिपत्रासाठीं पैठणला जावें लागलें. सांगणारे शास्त्री होते, पोथ्या त्यांच्याकडेही होत्या. आळंदीला समाधीपुढें उभे राहून आम्ही त्या शास्त्र्यांना मनांत दूषणें देतों, आणि परत येऊन मांडवांत त्यांच्याच गादीवर बसतों. रेड्याची कथाही आम्ही चमत्कार म्हणून सांगतों. त्या कथेंत माउली रेड्याच्या पाठीवरचा फटका आपला मानतात. तेवढें विसरून वेदांचा घोष मात्र आठवतो. ज्या माळकऱ्यानें ती कथा त्या बाईला ऐकवली त्याचा हेतु चांगला होता. पण तिला लेकराच्या तोंडून वेद नको होते. लेकराला पडणारा फटका कोणी आपला मानावा, इतकेंच हवें होतें.

दुसऱ्या टोकाचीही एक चूक आहे, ती भक्तीच्या वेषांत येते. आज पाकिस्तानांत असलेल्या पंजाबांत चिनाब नदीजवळ गुजरात नांवाचें शहर आहे. तेथें सतराव्या शतकांतल्या शाहदौला नांवाच्या अवलियाची कबर आहे. मूल होत नाहीं म्हणून बाया तेथें नवस करीत, पहिलें मूल दर्ग्याला वाहूं असा. आणि समजूत अशी कीं तें पहिलें मूल लहान डोक्याचें होतें. तशा मुलांना शाहदौलाचे उंदीर म्हणत. हिरवे कपडे घालून, हातांत वाडगा देऊन त्यांना गांवोगांव फिरवीत. देणारा भीतीनें देई, कारण त्यांना रिकामें पाठविलें तर शाप लागतो. लोखंडी टोप घालून त्यांचीं डोकीं लहान ठेवतात अशीही वदंता होती. पण पाकिस्तानांतल्या अशा कुटुंबांचा अभ्यास झाला तेव्हां बीजांतला दोषच निघाला, आणि त्यांतूनच २००२ सालीं मेंदूच्या वाढीशीं संबंध असलेले दोन जनुक ओळखले गेले. सरकारनें १९६९ मध्यें दर्गा आपल्याकडे घेतला, तरी नंतरही रस्त्यावर तीं मुलें भीक मागतांना दिसत राहिलीं.

परधर्मीयांचें म्हणून आम्ही हें सांगत नाहीं. आपल्याकडच्या एका जत्रेंत हातगाडीवर असेंच एक लेकरूं बसविलेलें, कपाळभर गुलाल, गळ्यांत हार, आणि समोर पैशाचें ताट, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. लोक पायां पडत होते. मुलाच्या नाकाशीं माशा होत्या त्या वारायला कोणी नव्हतें. पापाचें फळ म्हणा किंवा देवाचा अंश म्हणा, दोन्हींकडे तें लेकरूं राहत नाहीं. त्याला भूक लागते, थंडी वाजते, ओलें झालें तर बदलावें लागतें, हें दोघेही विसरतात.

बीजदोषाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. नवरा-बायको दोघेही अंगीं तोच एक लपलेला दोष बाळगून असले तर प्रत्येक वेळीं चारांत एक मूल बाधित होण्याचा संभव असतो. रक्ताचें नातें जवळचें असलें कीं असा योग जुळण्याचें प्रमाण वाढतें. आमच्या बाजूला मामाची मुलगी करण्याची रीत आहे. ती पाप नव्हे, जुनी माया आहे. पण घरांत एक मूल असें झालें असेल तर पुढची सोयरीक जमवतांना आणि पुढच्या गरोदरपणाआधीं डॉक्टरांना विचारावें. कारण शोधणें निराळें आणि दोष देणें निराळें. कारण कळलें तर पुढचें टळतें. दोष दिल्यानें मागचें कांहीं फिटत नाहीं.

आतां वारकऱ्याच्या मनांतली खरी शंका. आमचा सारा भरंवसा नामावर. ज्या लेकराच्या जिभेवर नाम कधींच येणार नाहीं, ज्याला विठ्ठल हा शब्द आणि कावळ्याचा आवाज ह्यांतला फरक कळणार नाहीं, त्याला तरणोपाय काय? हा प्रश्न त्या बाईनें विचारला नव्हता. तिच्या सासऱ्यांनीं, घरीं परततांना, आम्हांला वाटेंत गांठून हळूच विचारला. नातवाच्या गतीची काळजी त्यांना लागली होती. ते चाळीस वर्षें पायीं वारी करणारे.

आमची समजूत अशी आहे. नाम हें जिवानें देवाकडे जायची वाट आहे, हें खरें. पण पंढरीची कथा निराळी आहे. तेथें देवच आला. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता, त्यानें वीट फेकली आणि थांब म्हटलें. देवानें नाम मागितलें नाहीं, पूजा मागितली नाहीं; चाललेली सेवा मोडूं नये म्हणून तो उभा राहिला. ज्या घरांत आई तासभर बसून चमच्याचमच्यानें मुलाला भरवते, रात्रीं झटका आला तर कुशीवर वळवून जागी बसते, तेथें सेवा उलट दिशेची आहे; लेकरानें आईबापांची नव्हे, आईबापांनीं लेकराची. म्हणून देवाला ती ओळखूं येणार नाहीं काय? त्या लेकराला आईचा हात कळतो. ज्याला हात कळतो त्याला देव परका आहे असें आम्हांला तरी म्हणवत नाहीं. ह्याला शास्त्राधार काय, असें कोणी विचारील. आधार आम्हांला सांपडला नाहीं. विरोधही सांपडला नाहीं.

पण एवढ्यावर आईला देवी म्हणून मोकळें होऊं नये. तीही एक युक्तीच. ती दमते, चिडते, कधीं मूल नको झालें असतें असेंही तिच्या मनांत येतें, आणि मग तिला स्वतःची भीति वाटते. तिला स्तुति नको, दुपारचे दोन तास कोणी तरी मूल घेऊन बसणारें हवें. ब्राझीलमध्यें अशा पुष्कळ घरांतून बाप निघून गेले असें वाचनांत आलें. आपल्याकडे बाप सहसा जात नाहीं, पण बाजेवरून उठतही नाहीं. डॉक्टर म्हणाले, डोकें मोठें करणारें औषध नाहीं, पण झटक्यांना औषध आहे, मान-पाठ धरायला व्यायाम आहेत, गिळायला शिकवतां येतें, आणि हें जितकें लवकर तितकें चांगलें. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी होते आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशा बाळांना पाठवतां येतें. २०१६ च्या कायद्यानें बौद्धिक अक्षमतेचा दाखला आणि त्याबरोबरचे हक्कही आहेत. सप्ताहाच्या पंगतीला जेवढी वर्गणी जमते तिच्यांतून एका आईचें वर्षभराचें एस.टी.चें भाडें सहज निघेल. हा हिशेब आम्हीं दोन गांवीं मांडून पाहिला. एका गांवानें ऐकला.

पुढच्या वर्षीं त्याच गांवच्या सप्ताहाला आम्हीं आपण होऊन निरोप पाठविला कीं सेवा द्या. तोच सहावा दिवस मागून घेतला. निरूपणाच्या आरंभींच आम्हीं सांगितलें कीं गेल्या वर्षीं ह्या जागेवरून आम्ही जें बोललों तें शास्त्रालाही सोडून होतें आणि माणुसकीलाही. मांडवांत चुळबुळ झाली. एका ज्येष्ठ कीर्तनकारांनीं नंतर आम्हांला बाजूला घेऊन म्हटलें, "गादीवरून चूक कबूल करू नये, महाराज. लोकांची श्रद्धा ढळते." असेल. ढळली ती कोणती श्रद्धा, हें आम्हीं त्यांना विचारलें नाहीं.

ती बाई त्या रात्रीं मांडवांत नव्हती. सकाळीं आम्ही पत्ता विचारीत तिच्या घरीं गेलों. मुलगा आतां चार वर्षांचा. तालुक्याच्या गांवीं आठवड्याला दोनदां व्यायामाला नेत होते. भिंतीला टेकवून, दोन उशा लावून त्याला बसविलें होतें, आणि मान थोडी थोडी धरत होती. आमच्या हातांतले टाळ वाजले तेव्हां त्यानें डोळे त्या बाजूला फिरविले. आम्हीं तोंड उघडलें, काय म्हणायचें तें रात्रभर घोळवलेलें होतें. तिनें हातांतला चमचा न ठेवतां मान वर केली.

"जरा थांबा, महाराज," ती म्हणाली. "आधी ह्याचं होऊ द्या. मधे सोडलं की ठसका लागतो."

सासूनें घोंगडी आणायला आंत धांव घेतली. आम्ही ओसरीवर उभे राहिलों. पेज घट्ट होती, आणि तो एकेक घांस बराच वेळ तोंडांत धरून ठेवीत होता.